पाया हिरडीचा, कळस हास्याचा

घरात लग्न ठरले की कामांच्या यादीत अलीकडे एका नव्या कामाची भर पडू लागली आहे. शालू, दागिने, पत्रिका, मंगल कार्यालय यांच्या जोडीला दात पांढरेशुभ्र करून घेणे. छायाचित्रात हास्य पिवळे उमटू नये असे वधूला वाटते, तसे आता वधूपित्यालाही वाटते. त्यात वावगे काही नाही. अडचण आहे ती क्रमाची.

कापडाच्या पेढीवर तीस वर्षे बसलेले एक गृहस्थ याच कामासाठी दंतवैद्यांकडे गेले. वय ५४, मुलीचे लग्न दोन महिन्यांवर आलेले. दात दुखत नव्हते, कीड दिसत नव्हती, गेल्या दहा वर्षांत दंतवैद्याची पायरी चढावी लागली नाही याचा त्यांना थोडा अभिमानच होता. डॉक्टरांनी मापाच्या रेघा असलेली एक बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत हळूच उतरवली. निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर जाते. येथे मागच्या दाढांपाशी ती सहापर्यंत गेली आणि जेथे टेकली तेथे रक्ताचा थेंब उभा राहिला.

“शेठजी, ब्रश करताना रक्त येते का?”

“येते कधीमधी. ब्रश लागतो. म्हणून ती बाजू मी सोडूनच देतो.”

“किती दिवस झाले?”

“चार-पाच वर्षे झाली असतील.”

“संध्याकाळी गल्ला मोजताना रोज दहा रुपये कमी भरले असते, तर चार वर्षे थांबला असता?”

शेठजी काही बोलले नाहीत. पांढरेपणाचा विषय त्या दिवशी तेथेच थांबला.

हिरडीतून येणारे रक्त ब्रशामुळे येते, हा समज घरोघरी आहे आणि अनेक दात त्याच समजापायी जातात. निरोगी हिरडी मऊ ब्रशाने रक्ताळत नाही. जेवणानंतर काही तासांतच दातांवर, विशेषतः हिरडीच्या कडेला, जीवाणूंचा एक चिकट, रंगहीन थर बसू लागतो. तो रोज निघाला तर प्रश्न उरत नाही. राहिला तर हिरडी त्याला शत्रू मानून लाल होते, सुजते, तिच्यातील रक्तवाहिन्या फुगतात, आणि मग ब्रशाचा साधा स्पर्शही पुरतो. रक्त पाहून गृहस्थ ती जागा टाळतो, टाळलेल्या जागी थर वाढतो, सूज वाढते, रक्त अधिक येते. ज्या जागी रक्त येते ती जागा अधिक निगुतीने स्वच्छ करायची, हे उलटे वाटणारे पथ्यच खरे आहे.

याचा पुरावा साठ वर्षांपूर्वीच मिळाला. १९६५ मध्ये डेन्मार्कमधील हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला लावले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणे सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे या पायरीवर आजार पूर्णपणे परतवता येतो, आणि त्यासाठी महागडे औषध लागत नाही.

पुढची पायरी मात्र परतीची नाही. दातांवर राहिलेला थर लाळेतील क्षार शोषून काही दिवसांत दगडासारखा कठीण होतो. त्यालाच किटण म्हणतात. ते कोणत्याही ब्रशाने, मंजनाने वा मिठाने निघत नाही. त्याच्या खरखरीत पृष्ठावर नवा थर बसतो, तो हिरडीखाली उतरतो, हिरडी दातापासून सुटते, आणि दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड हळूहळू झिजू लागते. या सगळ्या काळात दुखत नाही. कीड लागलेली दाढ रात्री झोपू देत नाही, म्हणून तिला वैद्य भेटतो. हिरडी मुकाट्याने खचते. तोंडाला वास येणे, दातांत फटी पडणे, घास चावताना एखादी दाढ हलल्यासारखी वाटणे, ही लक्षणे दिसेपर्यंत हाड बरेच गेलेले असते. गेलेले हाड घासून परत येत नाही. उरलेले वाचवता येते.

येथे आणखी एका समजाचा समाचार घेणे भाग आहे. “दात साफ करून घेतले आणि ते सैल झाले,” असे सांगणारे प्रत्येक नात्यात कोणी ना कोणी असतेच. घडते ते असे. वर्षानुवर्षांचे किटण दातांच्या फटी बुजवून त्यांना एकमेकांशी जखडून ठेवते. सफाईत ते निघते, सुजलेली हिरडी ओसरते, मुळांचा भाग उघडा पडतो. दात लांब दिसतात, फटी दिसतात, काही आठवडे थंड पाण्याने शिवशिवते. हाड आधीच गेलेले होते, किटणाने ते झाकले होते, एवढेच. पडक्या भिंतीवरचा गिलावा काढला की भेगा दिसतात; त्या गिलावा काढणाऱ्याने पाडलेल्या नसतात.

पेढीवरच्या त्या गृहस्थांना मधुमेहही होता, गोळ्या चालू होत्या, तरी साखर हाती येत नव्हती. हिरडी आणि मधुमेह यांचे देणेघेणे दोन्ही बाजूंनी चालते. साखर वाढलेली असली की हिरडीतील संसर्ग बळावतो आणि जखम भरून यायला वेळ लागतो. उलट हिरडीत सतत धुमसणारी सूज साखर आवरू देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसीचा आकडा सरासरी ०.४ च्या आसपास खाली येतो, असे अनेक चाचण्या एकत्र अभ्यासल्यावर आढळले आहे. आकडा लहान वाटतो, पण मधुमेहावर औषध घेणाऱ्याला त्याचे मोल कळते. ज्या घरात साखरेची तपासणी नियमाने होते, तेथे तोंडाची तपासणीही त्याच वहीत लिहिली जावी. मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास दंतवैद्यांना ते आधीच सांगावे. आणि घासणे, सफाई सगळे होऊनही रक्त थांबत नसेल, तर रक्ताची तपासणी करून घ्यावी.

दुकानाचा दिवसही या हिशेबात धरावा लागतो. गिऱ्हाईक आले की चहा, दलाल आला की चहा, दुपारी पेंग आली की चहा. प्रत्येक वेळी अर्धाच कप असतो हे खरे. पण गोड घोटानंतर तोंडातील जीवाणू काही मिनिटांत आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निवळायला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसातून आठ वेळा अर्धा कप म्हणजे दात जवळजवळ दिवसभर आम्लात. जेवणाबरोबर घेतलेला एक मोठा कप त्या मानाने सौम्य. प्रत्येक चहानंतर साध्या पाण्याची एक चूळ भरावी, याला गादीवरून उठावेही लागत नाही.

सुपारीबाबत मात्र सौम्य शब्द वापरण्यात अर्थ नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तंबाखू समाजाने निषिद्धच मानला, आणि त्यामुळे साधी सुपारी निर्दोष ठरली. आलेल्या पाहुण्यापुढे तबक येते, अडकित्ता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारी, तंबाखूविना असली तरी, मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात ठेवली आहे. सुपारीने तोंडातील मऊ अस्तर ताठर होते, तिखट सोसत नाही, मग तोंड उघडणे कमी कमी होत जाते. स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जात नसतील, तर त्याच आठवड्यात तपासून घ्यावे. तबकात बडीशेप आणि वेलदोडा राहिल्याने पाहुणचारात काही उणे पडत नाही.

आता रोजच्या आचाराचा भाग. सर्वसाधारण दंतवैद्यकीय सल्ला रात्री झोपण्यापूर्वी दात घासण्याचा असतो, कारण झोपेत लाळ आटते आणि जीवाणूंना मोकळे रान मिळते. चौविहार पाळणाऱ्या घरांत हा सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही, आणि तेथेच चूक होते. खरे तर सूर्यास्तापूर्वी जेवून, दात घासून, नंतर तोंडात काहीच न घालणारा माणूस दातांच्या दृष्टीने सर्वांत भाग्यवान. पण डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, डबा दुकानातच उघडतो, शेवटचा घास आणि शेवटचा घोट घाईत होतो, आणि पच्चक्खाण सुरू होते. भाकरीचे कण, साखर, सगळे दुसऱ्या दिवशीच्या नवकारसीपर्यंत दातांत तसेच. बारा तासांहून अधिक. जेवण पंधरा मिनिटे अलीकडे ओढून दुकानात एक ब्रश ठेवला, तर हेच व्रत हिरड्यांचेही रक्षण करते. फटींतून फिरवायचा धागा किंवा छोटा ब्रश यांना पाणी लागत नाही. ते रात्री आपल्या नियमात बसते का, हे ज्याने त्याने गुरुजनांना विचारावे.

एकाने एकदा असाही युक्तिवाद केला की दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावन आहेच, मग दात घासण्याचा एवढा आग्रह कशाला? त्याच अठ्ठावीसांत दिवसातून एकदाच उभ्याने आहार घेणेही आहे, हे तो सोयीस्करपणे विसरला होता. आठ चहा घेणाऱ्या गृहस्थाने मुनींचा एकच गुण उचलू नये.

अठ्ठाई, मासखमण किंवा वर्षीतप करू इच्छिणाऱ्यांनी तपापूर्वी तीन-चार आठवडे हिरड्यांची तपासणी आणि सफाई उरकून घ्यावी. उपवासात लाळ कमी होते, तोंड कोरडे पडते, आधीच सुजलेली हिरडी त्या काळात चिघळते. पारण्याला ऊसाचा रस घेतल्यावर पाण्याची चूळ विसरू नये.

घासण्याची रीत फार थोड्यांना येते. ब्रश मऊ असावा. केस हिरडी आणि दात जेथे मिळतात त्या रेषेवर साधारण ४५ अंशांत तिरके टेकवून, जागच्या जागी हलकेच थरथरवावेत आणि मग पुढे सरकावे. फरशी घासल्यासारखे आडवे जोराने घासल्याने दातांना खाचा पडतात. दोन मिनिटे, दिवसातून दोनदा, आणि आतली, जिभेकडची बाजू न विसरता. फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी पुरे; शेवटी थुंकून टाकावे, लगेच भरपूर चुळा भरून ते धुऊन काढू नये. राखुंडी, कोळसा, विटेची पूड, लिंबू यांनी दात पांढरे वाटतात ते वरचे कवच झिजल्यामुळे, आणि कवच पुन्हा तयार होत नाही. दातांसाठी गाजर-मुळा चावण्याचा सल्ला मासिकांतून हमखास असतो. ज्या घरात कंदमुळे वर्ज्य आहेत तेथे काकडी, पेरू, सफरचंद तेच काम करतात.

मंजन घेताना घटकांची यादी वाचण्याची सवय मात्र जैन घरांनी अवश्य लावून घ्यावी. काही दंतमंजनांत समुद्रफेन असते. नावावरून तो समुद्राचा फेस वाटतो, प्रत्यक्षात ते कटलफिश या सागरी जीवाच्या शरीरातील कवच असते. डब्यावर सेपिया ऑफिसिनॅलिस असे शास्त्रीय नावही आढळते. दुसरी जागा याहून अधिक दुर्लक्षित आहे. हिरडीच्या शस्त्रक्रियेत झिजलेल्या हाडाच्या जागी कधी कधी भरण घालतात. ते गुरांच्या हाडापासून आणि त्यावरचा पडदा गुरांच्या किंवा डुकरांच्या कोलॅजनपासून केलेला असू शकतो. खुर्चीवर बसल्यावर हे कोणी आपणहून सांगेलच असे नाही. हायड्रॉक्सीॲपटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बायोॲक्टिव्ह ग्लास असे कृत्रिम पर्याय उपलब्ध असतात. कोणता पर्याय कोणत्या जागी टिकेल हे डॉक्टर ठरवतील, पण प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारला गेला पाहिजे.

राहिला पांढरेपणा. दात पांढरे करण्यासाठी वापरतात ते पेरॉक्साइड सुजलेल्या हिरडीला आणि किडलेल्या दाताला झोंबते, म्हणून आधी हिरडी बरी, मग कीड भरणे, आणि शेवटी पांढरेपणा. बसवलेल्या टोप्या आणि जुने भरण यांचा रंग त्याने बदलत नाही, हे आधीच समजून घ्यावे, नाही तर पुढचे चार दात दोन रंगांचे दिसतात. शिवाय चहाचे आणि सुपारीचे डाग साध्या सफाईतच बरेच निघतात. अनेकांना त्यानंतर पुढचा खर्च करावासा वाटत नाही.

त्या गृहस्थांची सफाई भूल देऊन, मुळांपर्यंत, दोन बैठकांत झाली. दोन आठवड्यांनी रक्त थांबले. घरातल्यांना जाणवला तो वेगळाच फरक: तोंडाचा वास गेला होता, आणि पत्नीने तो गेल्यावरच तो होता हे सांगितले. एक दाढ वाचली नाही. लग्नात ते दाताला रंग न लावताच हसले. तीन महिन्यांनी साखरेचा अहवाल घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेले, तेव्हा बरोबर मुलगा होता. वय २६, दात दुखत नव्हते, ब्रश करताना कधीमधी रक्त येत होते.