साठ मिनिटांची नाझिया

नाझिया हसनचं सगळ्यात गाजलेलं गाणं तिच्या पाचपैकी एकाही अल्बममध्ये नव्हतं. ‘आप जैसा कोई’ हे ‘कुर्बानी’ सिनेमातलं, साल १९८०. तिचा स्वतःचा पहिला अल्बम ‘डिस्को दिवाने’ आला तो त्यानंतरच्या वर्षी. ‘कुर्बानी’ची रेकॉर्ड पॉलिडोरची, ‘डिस्को दिवाने’ एचएमव्हीची. दोन कंपन्या म्हणजे दोन वेगळ्या चुली. त्यामुळे ही दोन गाणी लागोपाठ ऐकायची तर कॅसेट बदलणं आलं. म्हणजे कायद्याने वागणाऱ्या गिऱ्हाइकाला आलं. परभणीत तो प्रश्न नव्हता. आमच्या कच्छी बाजारात कॅसेट भरून देणारे होते आणि त्यांच्याकडे पॉलिडोर आणि एचएमव्ही एकाच फितीवर सुखाने नांदत.

हल्ली नाझियाच्या निवडक गाण्यांचे संग्रह बोटाच्या एका टिचकीवर मिळतात. घरातल्या पोरांनी मला असाच एक लावून दिला. आवाज लख्ख, कुठे खरखर नाही, कुठे अडखळणं नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गाणी इतकी स्वच्छ ऐकू येतात याचं कौतुक वाटायला हवं आणि ते वाटलंही. तरी दोन-चार दिवसांनी लक्षात आलं की या संग्रहाबद्दल माझं काहीच मत तयार होत नाहीये. चांगला आहे. सगळी गाजलेली गाणी आहेत. पुढे काय? संग्रह म्हणजे कुणीतरी काहीतरी निवडलेलं असतं आणि निवडलेलं म्हणजे काहीतरी वगळलेलं. इथे वगळणारा माणूस कुठे दिसतच नव्हता.

कच्छी बाजारात तो दिसायचा. ‘कॅसेट भरून मिळेल’ अशी पाटी, आत रेकॉर्ड प्लेअर, एक-दोन डेक आणि भिंतभर रेकॉर्डी. कोरी साठची कॅसेट घ्यायची, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची. दुकानदार यादीवरून बोट फिरवी आणि बहुतेक वेळा एकच वाक्य बोले.

“तेरा गाने नई बैठते मियाँ. आखरीवाला कट जातै. एक निकालो.”

“कौनसा निकालू?”

“वो तुम जानो. गाने तुमारे हैं.”

झालं. माणूस तिथेच काउंटरला टेकून घाम पुसत विचारात पडायचा. ‘बूम बूम’ काढावं की ‘आओ ना’? मागे दुसरं गिऱ्हाईक उभं, त्याच्या हातात त्याची यादी. ते उगाच डोकावून सल्ला देई, “लेका, ते काढ की, ते तर पानटपरीवर रोज वाजायलंय.” युक्तिवाद बिनतोड असायचा. जे गाणं गावात फुकट ऐकायला मिळतं त्याच्यावर आपली चार मिनिटं कशाला घालवायची? त्यामुळे परभणीत भरलेल्या कित्येक कॅसेटींमध्ये सगळ्यात मोठं हिट गाणंच नसायचं. कंपनीचा कुठला संग्रह असं धाडस करील?

कॅसेट भरायला गाण्याइतकाच वेळ लागे, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं. भरणं चालू असताना दुकानदार स्पीकर चालूच ठेवी, म्हणून एकाची यादी सगळ्या गल्लीला ऐकू जाई. कुणाची काय आवडनिवड हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळे. त्यात मधेच व्होल्टेज उतरायचं. रेकॉर्ड फिरता फिरता मंदावायची, आणि नाझियाचा पोरसवदा आवाज घसरत घसरत एखाद्या पुरुषाच्या घोगऱ्या आवाजावर येऊन थांबायचा. चोख दुकानदार ते गाणं पुन्हा पहिल्यापासून भरी. घाईतला तसंच सोडून पुढचं लावी. माझ्या कॅसेटमध्ये ‘डिस्को दिवाने’च्या दुसऱ्या कडव्यात असाच एक खड्डा होता. आजही ते गाणं कुठे लागलं की त्या जागी आवाज खाली जाईल म्हणून कान थबकतात. जात नाही. मग उगाच चुकल्यासारखं होतं.

आता थोडं तिच्याविषयी. नाझियाचा जन्म कराचीतला, ३ एप्रिल १९६५ चा. वाढली बरीचशी लंडनमध्ये. ‘कुर्बानी’ काढणाऱ्या फिरोज खानने तिला तिथल्या एका पार्टीत हेरलं आणि बिद्दूकडे पाठवलं. बिद्दू हा बंगलोरचा पोरगा, लंडनला जाऊन संगीतकार झालेला. १९७४ मध्ये कार्ल डग्लसने गायलेलं ‘कुंग फू फायटिंग’ त्याच्या हातचं, आणि ते ब्रिटन-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. ‘कुर्बानी’चं बाकी संगीत कल्याणजी-आनंदजींचं, हे एकच गाणं बिद्दूचं. शब्द इंदीवर यांचे, पडद्यावर झीनत अमान. गाणारी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची. पुढच्या वर्षी फिल्मफेअरचं सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचं पारितोषिक तिला मिळालं. ते घेणारी ती सगळ्यात लहान आणि पहिलीच पाकिस्तानी.

आणि इथे आपल्या गावाची ती प्रसिद्ध म्हण येतेच. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी.’ लोक ती हसण्यावारी नेतात, पण डिस्कोच्या बाबतीत तिच्यात तथ्य आहे. यंत्रावर वाजणाऱ्या डिस्कोचा मोठा कारखाना जर्मनीतच होता. डोना समरचं १९७७ चं ‘आय फील लव्ह’ म्युनिकला घडलं, जॉर्जिओ मोरोडरच्या सिंथेसायझरवर. बोनी एमचा कर्ताकरविता फ्रँक फारियन हाही जर्मन. तो ठेका म्युनिकहून लंडनला गेला, तिथे बंगलोरच्या माणसाने तो कराचीच्या मुलीच्या गळ्याखाली घातला, मुंबईच्या सिनेमातून तो बाहेर पडला आणि शेवटी स्टेशन रोडच्या हॉटेलांत चहाच्या कपांवर येऊन थडकला. आरंभी जर्मनी आणि शेवटी परभणी. म्हण रचणाऱ्याला हे ठाऊक नसणार, पण म्हण खरी ठरली.

घरातल्या मोठ्यांना मात्र हा आवाज पटत नव्हता. लता आणि आशा ऐकून तयार झालेल्या कानांना नाझिया म्हणजे नाकात गाणारी शाळकरी मुलगी. “हिला सर्दी झालीय काय?” हा प्रश्न आमच्या घरात दर आठवड्याला निघे. तक्रार अगदीच खोटी नव्हती. तिचा आवाज बारीक, थोडा अनुनासिक, हरकती जवळपास नाहीत. पण त्या ठेक्यावर हरकतींचं काम नव्हतंच. सरळ, सपाट, किंचित अलिप्त सूर हवा होता. बिद्दूने त्या आवाजाला जो प्रतिध्वनी दिला त्याने तो दूरच्या कुठल्या तरी मोठ्या हॉलमधून येतोय असं वाटे. परभणीत बसून लंडन ऐकायचं तर तेवढं अंतर ऐकू यायलाच हवं होतं.

या आवाजाची खरी पारख आमच्या बँडवाल्यांनी केली. लग्नसराईत वरातीपुढे वाजणाऱ्या बँडला नवं गाणं बसवायचं असलं की तेही कॅसेटवरूनच बसवत. टेपरेकॉर्डर मधे ठेवून, एकेक ओळ मागे-पुढे करत. लताबाईंचं गाणं क्लॅरिनेटवर घ्यायचं म्हणजे वाजवणाऱ्याची परीक्षा. त्या मुरक्या फुंकीत येत नाहीत. नाझियाचं गाणं मात्र क्लॅरिनेटवर असं चपखल बसे की वाटावं, त्याच्यासाठीच बांधलंय. नाकातला सूर हा क्लॅरिनेटचा स्वभावच. त्या काळी जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेडच्या वराती ‘डिस्को दिवाने’वर नाचल्या, त्यातल्या निम्म्यांनी तरी मूळ गाणं ऐकलेलं नसेल. त्यांच्यासाठी ते बँडचंच गाणं होतं.

आता कंपनीचा संग्रह काय करतो ते बघा. तो गाणी खपाच्या क्रमाने लावतो. आधी ‘आप जैसा कोई’, मग ‘डिस्को दिवाने’, मग ‘बूम बूम’, आणि पुढे उरलेली. ऐकायला काही वाईट नाही, पण नाझियाची गाणी वर्षांच्या क्रमाने लावून ऐका. १९८० ला पंधरा वर्षांची, १९८१ च्या ‘डिस्को दिवाने’त जेमतेम सोळाची. १९८२ ला ‘स्टार’ची गाणी आली तेव्हा सतरा, कुमार गौरवचा तो सिनेमा पडला, गाणी चालली. १९८४ च्या ‘यंग तरंग’मध्ये एकोणीस. १९८७ च्या ‘हॉटलाइन’मध्ये बावीस. १९९२ च्या ‘कॅमेरा कॅमेरा’त सत्तावीस. या क्रमाने ऐकलं की एक मुलगी तुमच्यादेखत मोठी होते. तो सपाट शाळकरी सूर हळूहळू भरत जातो, उच्चार ठाम होतात, आणि शेवटच्या अल्बममध्ये तर गाणं हे आता आपलं मुख्य काम नाही, हे तिने ठरवल्यासारखं ऐकू येतं. तसं होतंही. तिने कायद्याची पदवी घेतली होती, संयुक्त राष्ट्रांत काम केलं होतं. १३ ऑगस्ट २००० ला लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने ती गेली तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती. बारा वर्षांची ही कारकीर्द खपाच्या क्रमाने लावली की पंधराची मुलगी आणि सत्तावीसची बाई एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि त्यांच्यामधला काळ नाहीसा होतो.

आमच्या भरलेल्या कॅसेटी तरी कुठे वर्षांच्या क्रमाने होत्या, असं कुणी विचारील. नव्हत्याच. त्यांची गंमत वेगळ्या ठिकाणी होती, बाजू दोनवर. एका बाजूला नाझिया आणि बप्पी लाहिरी भरले की दुसऱ्या बाजूला घरच्यांचा वाटा असे, कारण कोऱ्या कॅसेटचे पैसे घरच्यांकडूनच आलेले. त्या बाजूला प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलाची गाणी असत, कुठे त्यांचीच भीमगीतं, कुठे अझीझ नाझांची कव्वाली, कुठे दादा कोंडके. फेब्रुवारीत तुराबुल हक शाह बाबांच्या उरुसात गेलं की हेच सगळं एकाच वेळी कानावर आदळे. दर्ग्याकडून कव्वाली, मौत का कुआँवरून डिस्को, खेळण्यांच्या रांगेतून कुठली तरी लावणी. भरलेली कॅसेट म्हणजे घरात आणलेला तो उरूसच होता. नाझियाच्या पुढे-मागे कोण बसलंय यावरून ते घर कोणतं, गल्ली कोणती, बाप कडक की आई लाड करणारी, हे सगळं सांगता येई. कंपनीचा संग्रह गायिकेबद्दल सांगतो. ही कॅसेट ऐकणाऱ्याबद्दल सांगायची.

हा सगळा धंदा बेकायदा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. १९८४ मध्ये कॉपीराइटचा कायदा दुरुस्त झाला, अशा नकलेला किमान सहा महिन्यांची कैद आणि ५० हजारांचा दंड आला. कच्छी बाजारात भरल्या गेलेल्या एकाही ‘आप जैसा कोई’चा रुपया लंडनला किंवा कराचीला पोचलेला नाही. गायिकेचा हक्क बुडालाच. पुढे टी-सीरिजने कॅसेटी इतक्या स्वस्त केल्या की भरून घेण्यापेक्षा तयार घेणं परवडू लागलं आणि तो धंदा कायद्यापेक्षा बाजारानेच मारला. आज तिच्या गाण्याचा सूर २०१२ च्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये रीतसर परवान्याने वाजतो, हे योग्यच झालं. त्या चोरट्या धंद्याचं समर्थन मला करायचं नाही. पण त्या काउंटरवर गिऱ्हाइकाला करावी लागणारी कसरत कायदेशीर दुनियेत कुठेच राहिली नाही, एवढं मात्र नोंदवावंसं वाटतं.

फोनमध्ये सगळंच मावतं, म्हणून कुणी काही काढत नाही. यादी वाढत जाते आणि यंत्र आपल्याआधीच पुढचं गाणं लावून मोकळं होतं. परवा घरातल्या पोरांना म्हटलं, तुमच्या आवडत्या कुठल्याही गायकाची साठ मिनिटं काढून दाखवा. तीस अधिक तीस. शेवटचं गाणं कापलं गेलेलं चालणार नाही आणि दुसरी बाजू आजीला विचारून भरायची. आधी हसले. मग कागद घेऊन बसले. पहिली चार गाणी दोन मिनिटांत लिहून झाली. पाचव्यापासून जी भांडणं लागली ती जेवणं झाली तरी मिटेनात, आणि आजीने दुसऱ्या बाजूची यादी कधीच तयार करून ठेवली होती.