लाटांचे वीजगणित

भारताच्या सागरी लाटांत सुमारे ४१ हजार मेगावॉट वीज दडली आहे, असे वारंवार सांगितले जाते. आकडा मोहक आहे. मात्र तो केवळ सैद्धांतिक आहे, हे सांगायचे सोयीस्करपणे राहून जाते.

या मोहावरचा उतारा केरळातील विळिंजमला सापडतो. मद्रास आयआयटीने तेथे १९९१ साली १५० किलोवॉटचे केंद्र उभारले. काँक्रीटच्या कक्षात लाट शिरली की हवा वर रेटली जाते, ओसरली की आत ओढली जाते. हवा कोणत्याही दिशेने वाहो, टर्बाइन एकाच दिशेने फिरते. युक्ती नामी! परंतु पावसाळ्यात खवळणारा समुद्र हिवाळ्यात मंदावतो आणि वीजही घटते. बांधकाम मात्र सर्वांत प्रचंड वादळाला पुरून उरेल असेच करावे लागते. खर्च फुगतो तो तिथेच. पोर्तुगालचा अगुसादौरा येथील प्रकल्पही २००८ साली काही महिन्यांतच बंद पडला.

मग हा नाद सोडावा काय? मुळीच नाही. विळिंजमच्या विजेवर समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रयोग झाला होता. दूरच्या बेटांवर अशा कामी महाग वीजही परवडू शकते. त्याच आयआयटीने २०२२ मध्ये तुतिकोरिनजवळ भर समुद्रात चाचणी घेतलेले 'सिंधुजा-१' अवघ्या १०० वॉटचे; पण आम्हांला ते मेगावॉटच्या घोषणांहून मोलाचे वाटते. विळिंजमचे केंद्र कालांतराने बंद झाले. सिंधुजाची तीच गत व्हायची नसेल, तर शासनाने निविदांची घाई न करता एका कायमस्वरूपी चाचणी केंद्राला किमान दहा वर्षे अखंड निधी द्यावा.