डबाभर आमिषं आणि गुडघाभर पाणी

परवा ऑफिसातला एक मित्र पहिल्यांदाच माझ्याबरोबर बास पकडायला आला. टेक्सासातलं नेहमीचंच तळं, कडेला गुडघाभर पाणी आणि त्यात गच्च हायड्रिला. साहेबांनी आदल्या रात्री दुकानातून ल्यूर, म्हणजे नकली आमिषं, डबाभरून आणली होती. डबा उघडला तर रंगपंचमीच! अर्ध्या तासात त्यातली तीन गवतात अडकून कायमची गेली. (त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.)

माझं मत स्पष्ट सांगतो. उथळ पाण्यात रंग हा शेवटचा प्रश्न. आधी दोन गोष्टी बघायच्या: हे गवतातून सुटून येईल का, आणि पाण्यावर पडताना किती आवाज करेल? पोटाखाली तीनकाटी गळ लोंबणारं क्रँकबेट दोन्हीत नापास.

मी नव्वद टक्के वेळ एकच वापरतो: मऊ प्लॅस्टिकची पाच इंची काडी, वजन अजिबात न लावता, टेक्सास पद्धतीने. म्हणजे गळाचं टोक परत प्लॅस्टिकातच खुपसून ठेवायचं, मग ते गवतात अडकत नाही. मासा दिसला तरी त्याच्या डोक्यावर फेकू नका, पळून जातो. त्याच्या बरंच पलीकडे टाका, हळूच ओढत आणा आणि मग नुसतं बुडू द्या. काहीही करू नका! आम्हा कोडिंगवाल्यांना हेच सगळ्यात अवघड जातं.

पाणी गढूळ असेल किंवा वारा सुटला असेल तर स्पिनरबेट, कारण त्याच्या फिरत्या पात्याची थरथर माशाला जाणवते. पाण्यावर गवताची गादीच पसरली असेल तर पोकळ रबरी बेडूक. त्यावर मासा उसळला की आपण दचकून लगेच रॉड ओढतो आणि बेडूक रिकामा परत येतो. वजन हाताला जाणवेपर्यंत थांबा.

आता रंग. इलिनॉयमधल्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं की बासला लाल आणि हिरवा चांगला ओळखता येतो, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा, गडद निळा आणि काळा यांत त्याचा गोंधळ होतो. म्हणजे दुकानातले निम्मे रंग कोणासाठी असतात ते समजून घ्या. जॉर्ज पेरीने 2 जून 1932 रोजी जॉर्जियात 22 पौंड 4 औंसांचा बास धरला. त्या दिवशी त्याच्याकडे आणि मित्राकडे मिळून एकच आमिष होतं असं सांगतात. पुढे घरच्यांनी तो मासा शिजवून खाल्ला, हे मला फारच आवडतं.

पण या लाडक्या काडीचा एक दोष आहे, आणि तो मी स्वतः अनुभवलाय. ती इतकी सावकाश बुडते की मासा गिळतो तरी कळत नाही. एकदा मी फोनवर मेल बघत बसलो. वर बघतो तर लाइन बाजूला सरकत चाललेली. ओढला तेव्हा गळ पार घशात. लाइन कापून सोडून दिला, पण थोड्या वेळाने तो पांढरं पोट वर करून तरंगत आला. खायला नेणार असतो तर गोष्ट वेगळी. मी तर सोडून देणारा! तेव्हापासून फोन गाडीतच. लाइन जरा हलली की लगेच उचलायचं.

आणि वसंतात, पाणी साधारण 15-18 अंशांवर आलं की, काठाजवळ साफ केलेली गोल खळगी दिसतात. ती घरटी. अंड्यांवर नर पहारा देतो आणि समोर येईल त्याला हाकलायला तोंड मारतो, तिथे कुठलंही आमिष चालतं. लोक त्याला कौशल्य म्हणतात, बऱ्याच ठिकाणी कायदाही आड येत नाही. मला पटत नाही. नराला वर काढलं की तेवढ्यात ब्लूगिल येऊन अंडी फस्त करतात.

मित्राला त्या दिवशी असंच एक खळगं दिसलं होतं. उरलेल्या डब्यातलं काय टाकू, म्हणून विचारत होता. मी त्याला पलीकडच्या लव्हाळ्यांकडे नेलं आणि माझ्यातल्या दोन काड्या दिल्या.