तारीख चुकते, ती कोणाची?

‘तारीख दिली होती, आलाच नाही. या लोकांना स्वतःच्या जिवाची किंमत नाही.’ जिल्ह्याच्या ठिकाणी निष्ठेने रुग्णसेवा करणाऱ्या एका डॉक्टर स्नेह्यांचे हे उद्गार ऐकून अनेक वर्षांपूर्वी मी मान डोलावली होती. आज त्याची लाज वाटते. परंतु हेच मत सुशिक्षित घरांतून अजूनही ऐकू येते, आणि सेवाकार्यात उतरलेल्या आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकांतूनही. म्हणून हा लेखनप्रपंच.

मेळघाटाचे उदाहरण घेऊ. धारणीहून परतवाड्यामार्गे अमरावती गाठायची, तर सुमारे दीडशे किलोमीटर घाटाची वाट. आतल्या गावातून धारणीला येण्याचे कष्ट निराळेच. बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो आणि दुपारी मिटतो. तेथे वेळेवर पोहोचायचे, तर आदल्या दिवशी निघावे किंवा गावाला मुक्कामी गाडी असावी. मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे शहरी वाचकास कदाचित सांगावे लागेल. रात्री गावात थांबून भल्या पहाटे तालुक्याकडे निघणारी एस.टी. शाळकरी पोरे, बाजारचा माल आणि रुग्ण, सारी भिस्त तिच्यावर. ती बंद झाली, की दवाखान्याच्या दृष्टीने त्या गावाची सकाळच संपली. रुग्ण दुपारी पोहोचतो तेव्हा केसपेपरची खिडकी बंद असते, आणि नोंदवहीत तो गैरहजर ठरतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावते आहे, तिने अनेकांचे प्राण वाचविले आहेत. मात्र ती तातडीच्या प्रसंगासाठी. रक्तदाब पुन्हा मोजून घ्यायला ती येत नाही.

उपचार तर फुकट आहेत ना, असा प्रश्न येईल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ते निःशुल्क झाले, हे स्वागतार्हच. त्याच वर्षीच्या मार्चपासून स्त्रियांना एस.टी.चे तिकीटही निम्मे झाले. पण बुडालेल्या मजुरीला सवलत कोण देणार? रोजगार हमीचा दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. आजारी माणूस एकटा जात नाही. सोबतीला कोणी लागते. दोघांचे ६२४ रुपये गेले, वर प्रवास आणि खाणे. हे सारे कित्येकदा ‘पुढच्या महिन्यात या’ एवढे तीन शब्द ऐकण्यासाठी!

शिवाय ते शब्द कोणत्या भाषेत? कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, मराठी-हिंदीहून सर्वस्वी वेगळी. चिठ्ठीवर आकडा लिहिलेला असतो आणि घरी दिवस मोजले जातात ते आठवडी बाजारावर. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीला बाहेर पडतात आणि होळीला, आपल्या सर्वांत मोठ्या सणाला, परततात. क्षयाचा उपचार मात्र साधारण सहा महिने चालतो. निक्षय क्रमांक असला की देशात कोठेही सरकारी केंद्रात औषध मिळू शकते, पण गाव सोडताना हे त्या वनवासी बांधवास कोणी सांगितलेले असते काय? मग तो भुमक्याकडे जातो म्हणून आपण त्याला हसतो. डागण्या देण्यासारख्या क्रूर प्रथेचे समर्थन मी करणार नाही. तथापि भुमका गावातच राहतो, रुग्णाच्या भाषेत बोलतो आणि तारीख देत नाही, हे ध्यानात न घेता अंधश्रद्धेवर दिलेली व्याख्याने वाऱ्यावर जातात.

आता थोडे आपल्या घरचे. वऱ्हाडातील सपाटीवरच्या एका गावी भरलेल्या आरोग्य शिबिराचे वृत्त मीच लिहिले होते. किती जणांना तपासले, तो आकडा ठळक छापला. काही महिन्यांनी पुन्हा त्या गावी जाणे झाले. एका म्हातारीने पदराची गाठ सोडून चिठ्ठी पुढे केली. मोतीबिंदूसाठी शहरात बोलावले होते. तारीख केव्हाच उलटली होती. ‘तुमी न्याले येनार होते ना?’ तिने विचारले. तिला न्यायला कोणी जायचे, हे शिबिरात ठरलेलेच नव्हते. व्यासपीठावर कोणी बसायचे, ते मात्र ठरले होते.

संघप्रचारक नाना पालकर यांच्या स्मरणार्थ १९६८ साली मुंबईत, परळ येथे समिती स्थापन झाली. टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्याला औषधाइतकीच पाठ टेकायला जागा लागते, ही गरज तिच्या कार्यकर्त्यांनी नेमकी ओळखली. तालुक्याच्या गावी याहून पुष्कळ कमी खर्चात काम होण्याजोगे आहे. बाजाराच्या दिवशी एका कार्यकर्त्याने सकाळी एस.टी. स्थानकावर उभे राहावे, उतरलेल्या रुग्णाचा केसपेपर काढून द्यावा आणि परतीच्या गाडीत बसवावे. गावात कोणाची तारीख केव्हा आहे, हे आशा सेविकेला विचारावे. फेरतपासणी बाजाराच्या दिवशीच ठेवावी, अशी विनंती वैद्यकीय अधीक्षकांना करून पाहावी. आणि मुक्कामी गाडीसाठी आगारात अर्ज द्यावा, एकदा नव्हे, गाडी सुरू होईतो.

म्हातारीच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया पुढे झाली, दुसऱ्याची राहिली आहे. या वर्षी शिबिराचे वृत्त पाठविणाऱ्यांनी तपासलेल्या रुग्णांच्या आकड्यासोबत, तीन महिन्यांनी, फेरतपासणीस पोहोचलेल्यांचा आकडाही कळवावा. तो लहान असला तरी मी छापीन.