अश्वारूढ देव, अश्वारूढ संत : तुलनेचा एक प्रश्न

नळदुर्ग-अणदूरचा खंडोबा आणि ख्रिस्ती सैनिक-संत जॉर्ज हे दोघेही चित्रपरंपरेत अश्वारूढ, शस्त्रधारी, शत्रुसंहारक आहेत. या साम्यावरून प्रभावाचा निष्कर्ष काढण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा, असे आम्हांस वाटते. तेराव्या शतकातील लॅटिन संतचरित्रसंग्रहात जॉर्जमुळे नगर ख्रिस्ती होते, राक्षसी सर्प मात्र मारलाच जातो. खंडोबाच्या कथेत मणी शरण येऊन वर मागतो आणि देवासन्निध स्थान मिळवतो. मल्लाचे नाव ‘मल्हारी’त उरते. एकीकडे शत्रूचा नाश, दुसरीकडे शत्रूचा स्वीकार. हा भेद मूर्ती सांगत नाही. वाघ्या-मुरळींच्या जागरणातील कथागीते सांगतात. म्हणून तुलनेचा आरंभ शिल्पापाशी न होता कथेपाशी व्हावा.