बाळ दूध ओढेना, तर वाट पाहू नका

कांद्यावर करपा दिसला की आपण लगेच फवारणी करतो. पण आठ दिवसांचं बाळ दूध ओढेना, तर 'दृष्ट लागली' म्हणून बसतो. नाळेतून शिरलेले जंतू रक्तात पसरतात, क्वचित हृदयाच्या झडपांवर ठाण मांडतात. मग कित्येक आठवडे शिरेतून औषध द्यावं लागतं. गडचिरोलीच्या ३९ गावांत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावच्याच बायांना शिकवून नवजातांवर घरी उपचार केले. मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं, असं १९९९ च्या अभ्यासात दिसलं. वरवंड तर पुणे-सोलापूर रस्त्यावरचं गाव! नाळेला राख-हळद नको. बाळ मलूल, थंड वा तापलेलं दिसताच १०८ ला फोन करा. आशाताईंच्या भेटी वेळेवर होतात का, हे ग्रामपंचायतीने दरमहा विचारावे.