रात्रीच्या आकाशाचा निवेदक

पॅट्रिक मूर यांनी ‘द स्काय ॲट नाइट’ हा बीबीसीचा कार्यक्रम २४ एप्रिल १९५७ रोजी सुरू केला आणि ९ डिसेंबर २०१२ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे साडेपंचावन्न वर्षे, तो सांभाळला. एकाच निवेदकाने इतका दीर्घ काळ चालवलेला दुसरा कार्यक्रम टीव्हीच्या इतिहासात नाही. विषय खगोलशास्त्राचा, प्रसारण महिन्यातून एकदा, तेही बहुधा रात्री उशिरा. असा कार्यक्रम टिकला तो मूर यांच्या बोलण्यामुळे, असे सहसा म्हटले जाते. बोलण्याचा वेग, एका डोळ्यावरचे भिंग आणि चुरगळलेला सूट या गोष्टी प्रेक्षकांच्या लक्षात राहिल्या हे खरेच. पण त्या बोलण्याला वजन आले ते निरीक्षणातून. पडद्यावर येण्याआधी वीसेक वर्षे हा माणूस दुर्बिणीला डोळा लावून बसत होता आणि प्रसिद्धी मिळाल्यावरही त्याने ती सवय सोडली नाही.

मूर यांचा जन्म ४ मार्च १९२३ रोजी मिडलसेक्समधील पिनर येथे झाला. बालपण ससेक्समध्ये गेले. हृदयाच्या दुखण्यामुळे शाळा फारशी झाली नाही, शिक्षण घरीच झाले. सहाव्या वर्षी आईच्या संग्रहातले सूर्यमालेवरचे एक छोटे पुस्तक हाती लागले आणि दिशा ठरली. अकराव्या वर्षी ते ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी निरीक्षकांच्या संस्थेचे सदस्य झाले. ईस्ट ग्रिन्स्टेडमधील एका खासगी वेधशाळेची जबाबदारीही त्यांच्याकडे किशोरवयातच आली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रॉयल एअर फोर्सच्या बॉम्बर कमांडमध्ये नॅव्हिगेटर म्हणून काम केले. युद्धानंतर केंब्रिजला जाण्याची संधी होती, ती त्यांनी घेतली नाही. काही वर्षे शाळेत शिकवले आणि १९५३ मध्ये चंद्रावरचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर पूर्णवेळ लेखन पत्करले. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. पुढे सन्मान्य पदव्या मिळाल्या, तरी स्वतःची ओळख ते अखेरपर्यंत हौशी निरीक्षक अशीच करून देत.

त्यांचे खरे क्षेत्र चंद्र, त्यातही चंद्राची कड. चंद्र आपली एकच बाजू पृथ्वीकडे ठेवतो, पण फिरताना तो किंचित डोलतो. त्यामुळे कडेचा एक पट्टा कधी नजरेच्या टप्प्यात येतो, कधी मागे दडतो, आणि सगळे मिळून ५९ टक्के पृष्ठभाग पृथ्वीवरून पाहता येतो. कडेवरची विवरे इतकी तिरपी दिसतात की गोल विवराची नुसती रेघ होते. तिचा नकाशा काढायचा तर डोलणे हव्या त्या दिशेला हवे, सूर्यप्रकाश हव्या त्या कोनातून पडायला हवा आणि त्याच रात्री इंग्लंडचे आकाश निरभ्र असायला हवे. हे सारे जुळून येण्याची वाट पाहत मूर वर्षानुवर्षे पेन्सिलीने चित्रे काढत राहिले. चंद्राचे नकाशाकार एच. पी. विल्किन्स यांच्यासोबत त्यांनी १९५५ मध्ये चंद्रावरचा मोठा ग्रंथही सिद्ध केला. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांचे लक्ष तेव्हा दूरच्या दीर्घिकांकडे होते. चंद्र बराचसा हौशी मंडळींकडेच राहिला होता आणि म्हणूनच हे काम मोलाचे ठरले.

बीबीसीचे निर्माते पॉल जॉनस्टन यांनी त्यांना बोलावले तेव्हा कार्यक्रम फक्त तीन महिने चालवून पाहायचा होता. पहिला भाग रात्री साडेदहाला थेट प्रसारित झाला. त्या दिवसांत आरेंड-रोलंड हा धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. पडद्यावर मूर यांनी त्याविषयी सांगावे आणि प्रेक्षकाने बाहेर जाऊन तो पाहावा, असा योग पहिल्याच भागाला आला. कार्यक्रमाची रीत तिथेच पडली. या महिन्यात काय दिसेल, कोणत्या दिशेला, किती वाजता, हे सांगितल्याशिवाय भाग सहसा संपत नसे. दुर्बीण विकत घेण्याआधी नुसत्या डोळ्यांनी तारकासमूह ओळखायला शिका, मग चांगली द्विनेत्री घ्या, स्वस्त दुर्बिणीवर पैसे घालवू नका, हा त्यांचा सल्ला कधी बदलला नाही. आजही नवशिक्याला देण्याजोगा याहून बरा सल्ला नाही.

सहा महिन्यांच्या आत सोव्हिएत संघाने पहिला स्पुटनिक सोडला आणि या लहानशा कार्यक्रमासमोर सगळे अंतराळयुग येऊन उभे राहिले. ऑक्टोबर १९५९ मध्ये लूना ३ या यानाने चंद्राच्या पलीकडच्या बाजूची पहिली छायाचित्रे घेतली. ती ओळखीच्या भागाशी जुळवून पाहायची तर कडेचे नकाशे लागतात आणि मूर यांचे नकाशे तिथे उपयोगी पडले. ती छायाचित्रे त्यांनी आपल्या कार्यक्रमात प्रेक्षकांना दाखवली. आयुष्यभर ज्या कडेवर डोळे ताणले, तिच्या पलीकडचा प्रदेश असा अचानक पुढ्यात यावा, हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा क्षण मानायला हरकत नाही.

१९६५ ते १९६८ या काळात ते उत्तर आयर्लंडमधील आर्मा तारांगणाचे संचालक होते. उभारणी पूर्ण करून ते इंग्लंडला परतले आणि ससेक्सच्या किनाऱ्यावरील सेल्सी येथे ‘फार्दिंग्ज’ या गवताने शाकारलेल्या घरात राहिले. बागेत दुर्बिणी उभ्या राहिल्या, त्यांतली सर्वांत मोठी १५ इंची परावर्ती. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्रावर उतरले तेव्हा बीबीसीच्या स्टुडिओत जेम्स बर्क आणि क्लिफ मिशेलमोर यांच्यासोबत मूर होते. नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवले तेव्हा ब्रिटनमध्ये पहाटेचे चार वाजत आले होते, भारतात सकाळचे साडेआठ. त्या रात्रीच्या स्टुडिओतील चित्रफितींचा बहुतेक भाग बीबीसीने जपून ठेवला नाही. ‘द स्काय ॲट नाइट’चे सुरुवातीचे बरेच भागही असेच गेले. टेप महाग होत्या आणि पुसून पुन्हा वापरल्या जात, हे कारण समजते. हानी मात्र भरून येणारी नाही.

चंद्राने त्यांना नावही दिले आणि चुकीची बाजू घ्यायलाही लावली. चंद्रावरची विवरे ज्वालामुखींमुळे झाली, असे ते दीर्घकाळ मांडत राहिले. अपोलो यानांनी आणलेल्या खडकांच्या अभ्यासानंतर बहुतेक सर्व विवरे अशनींच्या आघाताची आहेत यावर शिक्कामोर्तब झाले. कडेवरच्या ‘मारे ओरिएंताले’ या मोठ्या खोलगट प्रदेशाचा शोध आपण लावल्याचे ते सांगत, पण जर्मन निरीक्षक यूलियुस फ्रान्झ यांनी तो १९०६ मध्येच नोंदवला होता. नकाशाकार म्हणून त्यांचे स्थान यामुळे खाली येत नाही. सिद्धान्त मांडणे हा मात्र त्यांचा प्रांत नव्हता.

त्यांच्या राजकीय मतांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. स्थलांतरितांविषयी ते कडवटपणे बोलत आणि बीबीसीची अधोगती स्त्रियांमुळे झाली, असे त्यांनी २००७ मध्ये मुलाखतीत म्हटले. म्हातारपणातला लहरीपणा म्हणून ही विधाने बाजूला सारली गेली. ती चुकीची होती आणि ती ज्यांच्याविषयी होती त्यांना लागणारी होती.

याच माणसाने आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर देण्याचा नेम पाळला. १९०८ सालच्या वुडस्टॉक टाइपरायटरवर पुस्तके लिहिली जात आणि शाळकरी मुलांच्या शंकांची उत्तरेही त्याच यंत्रावर टंकली जात. अशी उत्तरे मिळालेली कित्येक मुले पुढे खगोलशास्त्रात गेली. क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी तीस वर्षांहून अधिक काळ अर्धवट राहिलेला प्रबंध हाती घेऊन २००७ मध्ये डॉक्टरेट मिळवली, त्यामागे मूर यांचा आग्रह होता. मे यांनी पुढे फार्दिंग्ज विकत घेतले आणि मूर यांना अखेरपर्यंत तिथेच राहू दिले.

डिसेंबर १९९५ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात मूर यांची कॅल्डवेल यादी आली. शार्ल मेसिए यांच्या प्रसिद्ध यादीत नसलेले १०९ तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका तिच्यात आहेत. ‘एम’ हे अक्षर मेसिए यांच्याकडे गेलेले असल्याने मूर यांच्या कॅल्डवेल-मूर या जोडनावातला पहिला भाग उपयोगी पडला. क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे लावलेला आहे, त्यामुळे आपल्या अक्षांशावरून यादीत किती खालपर्यंत जाता येईल हे निरीक्षकाला लगेच कळते. महाराष्ट्रातून पाहणाऱ्याला ही मांडणी विशेष सोयीची. सी ८० म्हणजे ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ. सेल्सीच्या क्षितिजावर तो कधीच येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातल्या वांगणीसारख्या ठिकाणाहून दक्षिणेला तो नुसत्या डोळ्यांनी धूसर ठिपक्यासारखा दिसतो आणि लहान दुर्बिणीतून त्याच्या कडेचे तारे सुटे होऊ लागतात.

२००१ मध्ये नाइटहूड, रॉयल सोसायटीचे सन्माननीय सदस्यत्व आणि बाफ्टा पुरस्कार हे तिन्ही मिळाले. ५५ वर्षांत त्यांचा एकच भाग चुकला, जुलै २००४ चा, अन्नातून झालेल्या विषबाधेमुळे. त्या वेळी तरुण खगोलशास्त्रज्ञ ख्रिस लिंटॉट यांनी त्यांची जागा घेतली. सांधेदुखीने हात निकामी झाल्यावर टाइपरायटर आणि आवडते झायलोफोन दोन्ही सुटले, तेव्हा चित्रीकरणच फार्दिंग्जमध्ये येऊ लागले. मार्च २०११ मध्ये ७०० वा भाग झाला. मूर वयाच्या ८९ व्या वर्षी गेले. त्यांच्यानंतर लिंटॉट यांच्यासोबत अंतराळशास्त्रज्ञ मॅगी अडेरिन-पोकॉक निवेदन करू लागल्या आणि २०१४ मध्ये कार्यक्रम बीबीसी फोर या वाहिनीवर गेला.